पैसा चाकणचा, पोरं स्पेनची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोटोजीपीच्या, म्हणजे दुचाकींच्या जागतिक शर्यतींच्या, निकालाला आपल्या क्रीडा पानावर दोन-तीन ओळींपलीकडे जागा मिळत नाही, हे आम्ही गॅरेजवाले वर्षानुवर्षं गोड मानून घेत आलोय. त्यामुळे स्पेनच्या मार्क मार्केझच्या विश्वविजेतेपदावर वाचकांच्या पत्रांत चक्क दोन पत्रं आलेली पाहून बरं वाटलं. पटलं मात्र एकही नाही. कराडच्या काकांचं म्हणणं असं की शर्यती चालवणारी कंपनी माद्रिदची, पंच त्यांचे, नियम त्यांचे. मग स्पेनची पोरं पहिली येणार नाहीत तर काय आपली येणार? वाईच्या ताईंनी वेगळीच फोडणी दिली. आपल्या मुलांत ती धमकच नाही, आपली मुलं यवतेश्वरच्या घाटात रील काढण्यापुरती शूर, असं त्या लिहितात.

पोवई नाक्याच्या खालच्या अंगाला माझं दुचाकीचं गॅरेज आहे. उभा जन्म हातात पाना घेऊन गेला. रविवारी संध्याकाळी साडेपाचला युरोपातली शर्यत सुरू होते तेव्हा मी शटर अर्धं ओढतो आणि गिऱ्हाईक आलं तरी तासभर उठत नाही. एवढ्या भांडवलावर दोन्ही पत्रांना उत्तर देतोय. लांबलं तर कात्री लावा, पण चाकणचा भाग तेवढा राहू द्या.

स्पेनचा दबदबा खराच आहे. २०२५ चा हंगाम सुरू झाला तेव्हा वरच्या वर्गात २२ रायडर होते. त्यातले ९ स्पेनचे, ६ इटलीचे. उरलेल्या ७ जागांत अख्खं जग. हंगाम संपला तेव्हा पहिला मार्क आणि दुसरा त्याचाच धाकटा भाऊ ॲलेक्स. सख्खे भाऊ एक-दोन नंबरला येण्याची ही पहिलीच वेळ. २२ ठिकाणी शर्यती झाल्या, त्यातल्या ४ एकट्या स्पेनमध्ये: हेरेझ, आरागॉन, बार्सिलोनाजवळचं मोंटमेलो आणि व्हॅलेन्सिया. मोटो-थ्री या खालच्या वर्गाचा विजेताही स्पेनचाच. मधला वर्ग मोटो-टू, तो ब्राझीलच्या दिओगो मोरेराने जिंकला. ब्राझीलला त्याच्याआधी विश्वविजेता नव्हता. पण तोही पोरवयातच स्पेनला जाऊन राहिला, तिथंच घडला.

आता काकांचा हिशेब बघू. डोर्ना ही माद्रिदची कंपनी १९९२ पासून शर्यती चालवते. त्या साली अमेरिकेचा वेन रेनी जिंकला, पुढच्या साली केविन श्वांट्झ, तोही अमेरिकेचा. मग सलग पाच वर्षं ऑस्ट्रेलियाचा मिक डूहान. १९९९ मध्ये ॲलेक्स क्रिव्हिये जिंकला, मोठ्या वर्गातला स्पेनचा पहिला विजेता. त्यानंतर पुन्हा अमेरिकेचा केनी रॉबर्ट्स धाकटा, मग इटलीच्या रॉसीची पाच वर्षं, मग हेडन, स्टोनर, परत रॉसी दोनदा. १९९२ ते २००९ या १८ हंगामांत स्पेनच्या वाट्याला एक. वाढपी घरचा असताना इतकी वर्षं ताट रिकामं राहतं का काका?

२०१० पासून पारडं फिरलं. लोरेन्झो तीनदा, मार्केझ सातदा, मीर आणि मार्टिन एकेकदा. १६ हंगामांत १२. कंपनी मात्र तीच. शिवाय २०२५ च्या जुलैमध्ये ती कंपनीच अमेरिकेच्या लिबर्टी मीडियाच्या ताब्यात गेली. आता काय पुढच्या साली अमेरिकेचा विजेता निघणार आहे? अमेरिकेचा शेवटचा विजेता २००६ चा निकी हेडन. मालक बदलला म्हणून बारा वर्षांची पोरं एका रात्रीत तयार होत नाहीत.

२०१० नंतर दिसलं ते फळ, पेरणी आधीच झाली होती. १९९९ मध्ये अल्बेर्तो पुइग या माजी रायडरने टेलिफोनिकाच्या मोव्हीस्टारचा पैसा घेऊन शाळकरी पोरांची एक स्पर्धा सुरू केली. टेलिफोनिका म्हणजे स्पेनची जुनी सरकारी टेलिफोन कंपनी, आपल्या बीएसएनएलची सावत्र बहीण म्हणा, १९९७ ला पूर्ण खासगी झालेली. पोरं निवडून घ्यायची, सगळ्यांना एकसारख्या गाड्या द्यायच्या आणि मग बघायचं कोण पुढं जातो ते. बापाकडे पैसा किती हा प्रश्नच निकालात निघाला. त्या पहिल्याच तुकडीत दानी पेद्रोसा होता. पुढं २००३ ला १२५ सीसीचा विजेता, २००४ आणि २००५ ला २५० चा. त्याच पुइगने इंग्लंडमध्ये शर्यती करणारा एक ऑस्ट्रेलियन पोरगा हेरला, केसी स्टोनर. ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांच्या आत रस्त्याच्या शर्यतीला परवानगी नव्हती, म्हणून आईबाप होतं नव्हतं ते विकून पोराला घेऊन आले होते आणि कॅराव्हॅनमध्ये राहत होते. त्यालाही पुइगने स्पेनला आणलं. म्हणजे ऑस्ट्रेलियाचा विश्वविजेतासुद्धा निम्मा स्पेनच्या पैशावर उभा राहिला.

मागं गेलं तर मुळं अजून खोल आहेत. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत बाहेरच्या मोठ्या गाड्या स्पेनमध्ये येणं मुश्किल होतं. देशातल्या डर्बी, बुलटाको, मोंटेसा या कंपन्या छोट्या इंजिनांच्या गाड्या बनवायच्या आणि लोक त्याच पळवायचे. आनखेल निएतो १९६९ ला ५० सीसीची डर्बी घेऊन विश्वविजेता झाला. एकूण १३ विजेतेपदं मिळवली. गडी अंधश्रद्धाळू, तेरा म्हणायचाच नाही, बारा अधिक एक म्हणायचा. पण लक्षात घ्या, सगळी छोट्या वर्गांत. मोठ्या गाडीवर स्पेनचा माणूस पहिला यायला त्यानंतर ३० वर्षं लागली.

हे वाचलं तेव्हा मला आपली एमआयडीसी आठवली. आपल्याकडेही तेच बंद दरवाजाचे दिवस होते. महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना इथं साताऱ्यात, प्रिया स्कूटर इथून बाहेर पडायची. नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे आणि लग्नात जावयाला प्रिया दिली की गावात बोलबाला व्हायचा. माझ्याहून वडील असलेले कितीतरी फिटर-टर्नर त्या कारखान्यात शिकून बाहेर पडले, अर्ध्या साताऱ्याच्या गॅरेजांचं मूळ तिथं सापडेल. यंत्रावर हात बसलेली माणसं स्पेनकडे होती, आपल्याकडेही होती. त्यांच्याकडे रविवारी गावातले रस्ते अडवून शर्यती व्हायच्या. आपल्याकडे गाडी दारात लावून पुसायची वस्तू राहिली.

पैसा कुठल्या देशाचा याला मी तितकं महत्त्व देत नाही. १९७८ ला केनी रॉबर्ट्स जिंकला तिथपासून १९९३ च्या श्वांट्झपर्यंत अमेरिकन रायडरांचा जो धडाका होता, त्यात मार्लबोरो, लकी स्ट्राइक अशी सिगारेटची पाकिटं टाकीवर, गाड्या जपानच्या. लॉसनचा मार्लबोरो यामाहा संघ तर इटलीचा अगोस्तिनी चालवायचा. जिंकायची मात्र कॅलिफोर्निया-टेक्सासची पोरं. कारण एकच. त्यांच्या गावोगावी मातीचे गोल ट्रॅक होते. रॉबर्ट्स, लॉसन, रेनी हे तिथं लहानपणापासून मागचं चाक घसरवत वळायला शिकले होते. त्या काळच्या ५०० सीसी टू-स्ट्रोक गाड्या अशा अंगावर यायच्या की ज्याला घसरती गाडी सांभाळता येते तोच टिकायचा. माती बघूनच प्रायोजक आले. घोषणा झाली म्हणून माती तयार झाली नाही. युरोपात २००५ मध्ये सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या, पैसेवाले बदलले, दारूच्या, मोबाईलच्या, एनर्जी ड्रिंकच्या कंपन्या आल्या. विजेते मात्र तिथूनच येत राहिले जिथं पोरांची शर्यत चालू होती.

इटलीचं उदाहरण याहून मजेशीर. रॉसीने स्वतःच्या ताव्हुलिया गावाजवळ, स्वतःच्या रानात मातीचा ट्रॅक काढला आणि इटलीतली पोरं गोळा केली. बान्याया, मोर्बिदेल्ली, बेझ्झेक्की, मारिनी सगळे तिथं तयार झालेले. एका निवृत्तीला आलेल्या मल्लाने तालीम काढावी तसं झालं ते. साताऱ्या-सांगलीच्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

आता चाकण.

बजाजने २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएम या दुचाकी कंपनीचा १४.५ टक्के हिस्सा घेतला. नंतर वाढवत नेला. आपली पोरं ज्या केसरी ड्यूकवर फिरतात ती चाकणला बनते, हे शेंबडं पोरही सांगेल. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केटीएमने दिवाळखोरीचा अर्ज केला. मोटोजीपीतला त्यांचा संघ बंद पडणार अशी हवा झाली. तेव्हा कंपनी वाचवायला जो पैसा लागला तो बजाजने उभा केला, सगळा मिळून ८० कोटी युरो. रुपयांत सात हजार कोटींच्या वर जातो. २०२५ च्या अखेरीस कंपनीचा ताबाही बजाजकडे आला. त्या केटीएमवर बसतो कोण? पेद्रो अकोस्ता. स्पेनच्या माझारोन गावचा, बाप मासेमारी करणारा. कोळ्याचं पोरगं इतक्या वर कसं आलं? रेड बुल रूकीज कप नावाची पोरांची स्पर्धा २००७ पासून चालते, तिथं निवड झाली की गाडी फुकट मिळते. अकोस्ताने ती २०२० ला जिंकली, पुढच्याच साली मोटो-थ्रीचा विश्वविजेता झाला. जॉर्ज मार्टिन २०१४ चा तिथला विजेता. दक्षिण आफ्रिकेचा ब्रॅड बाइंडरही तिथूनच वर आला. आणि त्या स्पर्धेतली फुकटची गाडी कोणती? केटीएम.

म्हणजे बघा, ज्या कंपनीची गाडी युरोपातल्या कोळ्याच्या पोराला फुकट मिळते ती कंपनी आज पुण्याच्या मालकीची आहे. मी बजाजवर टीका करत नाही. कंपनीने धंदा म्हणून पैसा घातला, धंदा म्हणून वसूल करेल. केटीएमने मध्यंतरी भारतात आरसी कप घेतला होता, हेही नोंदवतो. त्याची अंतिम फेरी झाली चेन्नईला.

महिंद्राचंही असंच. इटलीतल्या एका कंपनीच्या जोरावर त्यांनी २०११ पासून छोट्या वर्गात गाड्या उतरवल्या. २०१६ ला आसेनमध्ये महिंद्राने पहिली शर्यत जिंकली. कोण होता वर? फ्रान्चेस्को बान्याया. त्याचाही तो पहिलाच विजय. २०१७ नंतर महिंद्रा बाहेर पडली आणि बान्याया २०२२ आणि २०२३ ला डुकाटीवर मोटोजीपीचा विजेता झाला. इटलीच्या पोराच्या उमेदवारीच्या वर्षांत महिंद्राचाही पैसा आहे. त्याच महिंद्राचा ट्रॅक्टर आमच्या कोरेगावच्या रानात चालतो, म्हणून जरा जीव वर-खाली होतो इतकंच.

तेल कंपन्यांचीही जोडी लावून बघा. स्पेनच्या रेप्सोलने १९९५ पासून २०२४ पर्यंत, ३० हंगाम, होंडाला पैसा दिला. सुरुवातीला जिंकणारा डूहान होता, पण त्याच्या शेजारच्या गाडीवर क्रिव्हिये होता, शिकत. चार वर्षांनी तोच विजेता झाला. आपल्या इंडियन ऑइलने २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ग्रेटर नोएडाच्या शर्यतीला नाव दिलं. मार्केझसकट काहींचे व्हिसा वेळेवर आले नाहीत, उन्हाने मार्टिनची दातखीळ बसायची वेळ आली, शर्यतीचे फेरे कमी करावे लागले, जिंकला बेझ्झेक्की. गर्दी झाली, फोटो निघाले. २०२४ ला शर्यत रद्द झाली आणि अजून परत आलेली नाही. मांडव घातला, वरात आली, गेली.

वाईच्या ताईंना एवढंच सांगायचंय की धमक नाही हे खोटं आहे. बेंगळुरूचा सी. एस. संतोष २०१५ ला वाळवंटातली डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय झाला. २०२१ ला तिथंच पडून डोक्याला मार बसला, मरणाच्या दारातून परत आला. केरळच्या हरित नोहाने २०२४ ला डकारमध्ये रॅली-टू हा गट जिंकला. बेंगळुरूची ऐश्वर्या पिस्से २०१९ ला महिलांच्या बाहा, म्हणजे आडरानातल्या शर्यतींच्या, विश्वचषकाची विजेती. मोटार-शर्यतीत जागतिक किताब मिळवणारी पहिली भारतीय कोण, तर ही मुलगी. या माणसांमागं पुढं टीव्हीएसचा आणि हीरोचा पैसा उभा राहिला.

पण या यादीत एक गोष्ट खटकते का? सगळी दक्षिणेची. रस्त्याच्या शर्यतींत तर एकटी चेन्नई पुरून उरते, जगन कुमार घ्या, रजनी कृष्णन घ्या. कारण शोधायला लांब जायला नको. शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर तिथं शर्यती व्हायच्या. मग तिथल्या मोटर स्पोर्ट्स क्लबने १९९० ला इरुंगट्टुकोट्टैला स्वतःचा ट्रॅक बांधला. कोइम्बतूरला कारीचा ट्रॅक. होसूरच्या टीव्हीएसचा रेसिंग विभाग १९८२ पासून, त्यांची एकसारख्या गाड्यांची वन-मेक स्पर्धा वेगळी. राष्ट्रीय स्पर्धेच्या नावात एमआरएफ, तीही चेन्नईची. होंडाचा टॅलेंट कप तिथं, रॉयल एनफिल्डचा जीटी कप दक्षिणेतच. भारतातली स्पेन म्हणजे तमिळनाडू. देशात सगळ्यात नावाजलेला दुचाकी कारखाना आपल्याकडे, आणि शर्यतीला पोरगं न्यायचं तर हजार किलोमीटरहून जास्त प्रवास. मद्रासी पंच आहेत म्हणून ती पोरं जिंकतात, असं काकाही म्हणणार नाहीत.

मी हे ऐकीव सांगत नाही. माझ्याकडे कामाला एक मुलगा होता, जावळीतला. नाव देत नाही, त्याला आवडणार नाही. प्लग काढून नुसत्या रंगावरून कार्बोरेटरचा जेट सांगायचा. चॉकलेटी असेल तर हसायचा, पांढरा दिसला की गाडीवाल्याला चार शब्द सुनावायचा. गाडी तर अशी चालवायचा की मागं बसलेल्याला झोप लागावी. चांगला रायडर असाच असतो, धसमुसळा नाही. त्याने स्वतःच्या पगारातून चेन्नईला जाऊन ट्रेनिंग केलं, स्पर्धेचं लायसन्स काढलं. पुढचा खर्च आला आणि आम्ही प्रायोजक शोधायला निघालो.

एका शोरूमच्या मालकांनी चहा पाजला. म्हणाले, "मिस्त्री, क्रिकेटची टूर्नामेंट आणा, दहा हजार देतो, कपावर नाव टाका. हे गाडीवर नाव लिहून वाचणार कोण? दोनशेच्या स्पीडनं जाणार ती!" एका पुढाऱ्यांनी हो म्हटलं, पण चौकात शुभेच्छांचा फ्लेक्स लावायचा, त्यात त्यांचा फोटो मोठा, पोराचा खाली कोपऱ्यात, आणि फ्लेक्सचा खर्च आमचा. शेवटी एका पेढेवाल्यांनी तीन हजार रुपये आणि चेन्नईच्या लोकांना वाटायला दोन किलो कंदी पेढे दिले. त्या सद्गृहस्थाचा मी अजून ऋणी आहे.

रेडियमवाल्याच्या दुकानात बसून त्यांच्या नावाचं स्टिकर कापून घेतलं. मागच्या सीटखालच्या पट्टीवर ते बसेना, अक्षरं लहान केली तर वाचता येईनात. रेडियमवाला म्हणाला, "पेढ्याचं नुसतं चित्र टाकू का?" टाकलं. अंगावरचा लेदर सूट चेन्नईच्या कुणा रायडरचा जुना, खांद्यात ढिला, गुडघ्याला दोनदा शिवलेला. गुडघ्याचा स्लायडर तर एका बाजूने इतका घासलेला की कुठल्या हाताची वळणं त्या ट्रॅकवर जास्त आहेत ते बघूनच कळावं. पोरगं मधल्या नंबरात आलं. पहिल्यांदा ट्रॅक बघणाऱ्यासाठी ते चांगलं होतं, तिथल्या लोकांनीही सांगितलं. पुढच्या फेरीला टायरचे पैसे नव्हते. आता तो भोसरीला सीएनसीवर आहे, पगार बरा आहे, रविवारी घरी झोपतो.

शोरूमच्या मालकांचा राग मला आला नाही. त्यांचा सवाल बरोबर होता. स्टिकर म्हणजे जाहिरात, जाहिरातीला बघणारे डोळे लागतात, आणि राष्ट्रीय फेरीला डोळे किती, तर रायडरांचे आईबाप आणि चहावाला. रेड बुल, लेनोव्हो, मॉन्स्टर हे टीव्हीवरचे डोळे विकत घेतात. तो व्यवहार वरच्या टोकालाच जमतो. खालच्या टोकाला, जिथं पोरगं बारा-चौदा वर्षांचं आहे, तिथं जाहिरात म्हणून पैसा कधीच येणार नाही. तिथं तो शिक्षण म्हणून यावा लागतो. युरोपातही मोटो-थ्रीसारख्या वर्गात कितीतरी संघ उलट रायडरकडूनच पैसे घेतात. म्हणून तर फुकटच्या गाडीची किंमत. मार्केझ भावांचे वडील खोदकामाच्या यंत्रावर ऑपरेटर होते. पैसेवाल्यांचाच खेळ राहिला असता तर ही दोन्ही पोरं त्यांच्या सेर्व्हेरा गावातच राहिली असती.

आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. खाशाबा जाधवांना १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार दिले. कांस्यपदक आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणुकीला आपण कधीच कमी पडलो नाही. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ ला बर्लिनमध्ये सतराव्या वर्षी तिरंदाजीची विश्वविजेती झाली, तेव्हाही पोवई नाक्यावर फ्लेक्सना जागा पुरली नाही. ती घडली मात्र इथल्याच एका मैदानावर, इथल्याच प्रशिक्षकाच्या हाताखाली. आणि पैसा नाही म्हणावं तर बैलगाडी शर्यतीच्या मैदानांना बक्षीस म्हणून थार लागते आता! बैलांचं मला कौतुकच आहे, २०२३ ला सुप्रीम कोर्टाने शर्यती कायम केल्या तेव्हा मीही पेढे खाल्ले. पण एका थारच्या पैशात शंभर-सव्वाशे सीसीच्या बऱ्याच जुन्या गाड्या शर्यतीजोग्या होतील.

कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात आणि त्या यादीत ग्रामीण आणि राष्ट्रीय मान्यतेच्या खेळांचं प्रशिक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे. मोटार-शर्यतींच्या देशातल्या महासंघाला केंद्र सरकारची मान्यता आहे. आपल्या एमआयडीसीत चाकणला माल पुरवणारे कारखाने थोडे नाहीत. कोल्हापूरला कार्टिंगचा ट्रॅक होऊ शकतो, तर साताऱ्याला मातीचा एक गोल का होऊ नये? डांबरही नको, प्रेक्षकांची गॅलरीही नको. सपाट माळ, रोलर फिरवलेली माती, कडेने जुने टायर.

एक अट मात्र घालतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर बेंगळुरूचा १३ वर्षांचा मुलगा शर्यतीत दगावला. युरोपात २०२१ ला एका वर्षात तीन कोवळी पोरं गेली, मग जागतिक शर्यतीसाठी वयाची अट १८ वर नेली. त्यामुळे लहान वयात लहान गाडी, एका वेळी थोडी पोरं, आणि ॲम्ब्युलन्स उभी असल्याशिवाय किक मारायची नाही. हा खर्च पहिला धरायचा. तो धरायची तयारी नसेल तर ट्रॅक नको, यवतेश्वरचा घाट आहेच आणि तिथं काय होतं ते सिव्हिलच्या डॉक्टरांना विचारा.

आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे. मार्केझचा निकाल छापाल तेव्हा त्याच्याखाली चेन्नईच्या राष्ट्रीय फेरीचा निकाल एका ओळीत छापत जा. शोरूमवाल्यांना दाखवायला माझ्याकडे कात्रण तरी राहील.

कुणा कारखानदाराने हे मनावर घेतलंच, तर गाड्यांची इंजिनं बांधायचं काम माझं. मजुरी घेणार नाही. पिस्टन-रिंग आणि गॅस्केटचे पैसे मात्र रोख द्यावे लागतील, तिथं उधारी नाही.

आपला नम्र,
एक गॅरेजवाला वाचक, सातारा
(नाव व पत्ता संपादकांना कळवला आहे.)